पाळी आणणारे औषध

सांगलीतील माझ्या आयुर्वेद चिकित्सालयात पीसीओएससाठी (बीजकोशांशी निगडित हार्मोनचा बिघाड, ज्यात पाळी अनियमित होते) येणाऱ्या बहुतेक जणींना हार्मोनच्या गोळ्या नको असतात. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगीही त्याच कारणाने आली. पाच महिने पाळी नव्हती, जाहिरात पाहून मागवलेल्या चूर्णाचे डबे संपले होते आणि तिच्या आईला माझ्याकडून ‘पाळी आणणारे औषध’ हवे होते. तसे औषध आमच्याकडे आहे. परंतु रजःप्रवर्तनी वटीत कोरफड, हिराकस (लोहाचा क्षार), हिंग आणि टंकण (टाकणखार) असते आणि गर्भ नसल्याची खात्री केल्याशिवाय ती देऊ नये, हे घरोघरी ती मागवणाऱ्यांना कोणीच सांगत नाही.

मुलीच्या मानेमागे काळा, मखमली पट्टा होता. आई तो मळ समजून तिला रोज घासायला लावत होती. प्रत्यक्षात शरीर इन्सुलिनला पुरेशी दाद देत नसल्याची ती खूण असते. बैठी सवय, अति झोप, दही आणि गोडधोड ही चरकाने प्रमेहाची (मधुमेह ज्यात मोडतो त्या विकारांची) सांगितलेली कारणे मला तिच्या वसतिगृहातील दिनचर्येत जशीच्या तशी दिसत होती. गर्भचाचणी, थायरॉईड आणि प्रोलॅक्टिन (दूध आणणारे हार्मोन) ठीक निघाले, पण सोनोग्राफीत गर्भाशयाचे अस्तर १६ मिलिमीटर होते. असे अस्तर न पडता वाढत राहणे धोक्याचे असते, म्हणून मी चिठ्ठी लिहून तिला स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पाठवले. तेथे प्रोजेस्टेरॉनचा दहा दिवसांचा कोर्स दिला गेला. “हार्मोन टाळायलाच तुमच्याकडे आलो होतो,” असे आई म्हणाल्या, तेव्हा त्यांचा राग मला समजत होता. मात्र माझ्या चिठ्ठीला त्या डॉक्टरांकडून एका ओळीचेही उत्तर आले नाही, याचे मला आजही वाईट वाटते. दोन्ही शास्त्रांच्या या अबोल्याचा भार रुग्णाने का वाहावा?

रक्तस्राव होऊन गेल्यावर खरे काम सुरू झाले: कुळथाच्या पिठाचे उद्वर्तन (कोरडे मर्दन), लेखनबस्ती (मेद घटवणाऱ्या औषधांचा एनिमा), रात्रीचे जेवण लवकर आणि सूर्यनमस्कार. सूर्यनमस्कार मी नुसते आकडा सांगून सोपवत नाही. तिचा श्वास तिसऱ्याच आवर्तनाला तुटत होता, म्हणून प्रथम गती कमी केली आणि अखेरचे शवासन सक्तीचे केले. आंध्र प्रदेशातील एका निवासी महाविद्यालयात पीसीओएस असलेल्या ९० मुलींवर १२ आठवड्यांची चाचणी झाली होती. तीत वजनात लक्षणीय फरक नसतानाही, नुसत्या व्यायामाच्या तुलनेत योगाने एएमएच (बीजकोशातील हार्मोन) आणि टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) ही पीसीओएसमध्ये वाढणारी हार्मोन अधिक घटली, हे मी तिला मुद्दाम सांगितले, कारण वजनकाटा हलत नाही म्हणून मुली योग सोडून देतात.

सहा महिन्यांत पाळी ३५ ते ४० दिवसांवर आली आणि वजनही पाच किलोने उतरले. यात बस्तीचा वाटा किती, योगाचा किती आणि जेवणाच्या वेळेचा किती, हे मला प्रामाणिकपणे वेगळे काढता येत नाही. तिची आई मात्र सर्व श्रेय औषधाला देते.

त्यामुळेच परवा दुसरी एक आई माझ्या औषधांच्या चिठ्ठीचा फोटो मोबाईलवर घेऊन आली आणि आपल्या चौदा वर्षांच्या मुलीसाठी तीच औषधे मागू लागली. मुलीची पहिली पाळी येऊन जेमतेम दोन वर्षे झाली होती. या वयात चक्र मागेपुढे होते आणि किशोरवयात सोनोग्राफीवरून पीसीओएसचे निदान करू नये, असे २०२३ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. मी औषध दिले नाही. सहा महिन्यांच्या पाळीच्या तारखा लिहून आणायला सांगितले, तेव्हा त्या बाईंनी तपासणी शुल्क ठेवले आणि मुलीला घेऊन निघून गेल्या.