कीर हार्डीची शाळा

शनिवार, रात्री

आज दिवसभर कीर हार्डी डोक्यातून जाईना. ब्रिटनमधल्या मजूर पक्षाच्या संस्थापकांपैकी एक, 1892 साली पार्लमेंटात गेलेला खाणकामगार. त्याची भाषणं, संप, निवडणुका बाजूलाच राहिल्या, मी अडकले ती त्याच्या लहानपणापाशी.

जन्म 1856 सालचा, स्कॉटलंडमधल्या लॅनर्कशरचा. तारीख 15 ऑगस्ट. (माणूस उगाच आपला वाटायला एवढंसुद्धा पुरतं!) आई मोलकरीण, सावत्र वडील जहाजांवरचे सुतार. दिवसाची शाळा जवळजवळ नशिबी नव्हतीच. घरीच वाचायला शिकला. मग पुस्तकांच्या दुकानाबाहेर थांबून काचेमागचं उघडं पान वाचून काढायचा.

ग्लासगोत एका बेकरीत निरोप्या पोऱ्या म्हणून लागला, आठवड्याला साडेतीन शिलिंग. 1866 च्या हिवाळ्यात वडिलांना काम नव्हतं, आईचे दिवस भरत आलेले, भाऊ तापाने फणफणलेला. त्याच्या उशाशी जागून सकाळी उशीर झाला, आणि तो एकदाच नाही. मालकाने घरी बोलावून घेतलं. आत सकुटुंब प्रार्थना चाललेली, म्हणून पोरगा बाहेर ताटकळत उभा. प्रार्थना आटोपल्यावर भरल्या न्याहारीच्या टेबलावरून मालकाने त्याला उपदेश केला, कामावरून काढलं आणि वर आठवड्याचा पगारही कापला. घरात कमावणारा तो एकटाच. देवाचं नाव घेऊन उठायचं आणि लगेच कुणाच्या पोटावर पाय द्यायचा! हार्डी मोठेपणीही ही हकीगत सांगायचा. त्याचं राजकारण इथेच सुरू झालं असं मला तरी वाटतं, कुठल्या पुस्तकात नव्हे.

मग खाण. 1842 च्या कायद्याने दहा वर्षांखालच्या मुलांना जमिनीखाली कामाला लावायची बंदी होती. हा बरोबर दहाव्या वर्षी खाली उतरला. काम एकच, हवेसाठी बसवलेला दरवाजा गाडी आली की उघडायचा, गेली की लावायचा. बाकी वेळ अंधारात बसून राहायचं. संध्याकाळी रात्रशाळा, तिथे मेणबत्ती ज्याची त्याने न्यायची. पुढे खाणीतच तो पिटमनची शॉर्टहँड, म्हणजे खुणांनी भराभर लिहायची पद्धत, शिकला. दगडी पाटी दिव्यावर धरून काजळायची आणि टाचणीने त्यावर रेघा ओढायच्या.

‘कष्टातूनच माणूस घडतो’ वगैरे ऐकलं की मला चीड येते. त्याच अंधारात दरवाजे उघडणारी इतर पोरं कुठे गेली? स्कॉटलंडमध्ये शिक्षण सक्तीचं झालं 1872 साली. तोवर हार्डी सोळाचा होत आला होता.

पुढे मजुरांची बाजू घेतो म्हणून खाणमालकांनी त्याला काम देणं बंद केलं. तेव्हा तो स्कॉटलंडमधल्याच कमनॉक गावी गेला, खाणकामगारांच्या संघटनेच्या कामाला लागला आणि तिथल्या वर्तमानपत्रात लिहू लागला.