आमची वाटचाल: प्रदर्शनाचं दार उघडण्याआधी

2009 साली बुधवार पेठेत, तापकीर गल्लीपासून हाकेच्या अंतरावर, आम्ही कॉम्प्युटर भाड्याने द्यायला सुरुवात केली. अकरा जुने डेस्कटॉप आणि धाकट्या भावाची स्कूटर, एवढंच भांडवल. ट्रेनिंग क्लास आणि परीक्षा केंद्रं हे ठरलेलं गिऱ्हाईक. पहिली चार वर्षं त्यातच गेली.

2013 साली कोथरूडची तीन पोरं दुकानात आली. नॅसकॉम या आयटी कंपन्यांच्या संघटनेची गेम डेव्हलपर परिषद, म्हणजे गेम बनवणाऱ्यांचा मेळावा, तेव्हा पुण्यात भरायची आणि तिथे त्यांना स्वतः बनवलेला गेम दाखवायचा होता. चांगलं ग्राफिक्स कार्ड असलेली चार मशीन हवी होती. आमच्याकडे एकही नव्हतं. मी नाही म्हणणार होतो, पण बायको म्हणाली, "पोरं एवढी धडपडतायत, आपण कार्डं घेऊन टाकू." तिने आरडी मोडली आणि संध्याकाळपर्यंत चार कार्डं घरात आली.

आदल्या रात्री हॉलमध्ये मशीन मांडून झाली, तेव्हा त्यातला एक मुलगा म्हणाला, "काका, तुम्ही खेळून बघा ना जरा, बटणं नीट चालतायत का." बाजारात न आलेला गेम मी पहिल्यांदा हातात घेतला. अर्ध्या भिंतींना रंग नव्हता. एक पात्र दोन्ही हात पसरून तसंच उभं होतं, कारण त्याची हालचाल अजून बसवायची होती. पुलाच्या टोकावरून उडी मारली की मी थेट जमिनीच्या आरपार जायचो. तरी पाऊण तास मी खुर्चीतून उठलो नाही. घर बांधलं जात असताना आत फिरावं, विटा दिसाव्यात, जिना कुठे येणार ते कळावं, तसं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम त्यांच्या टेबलामागे थांबलो. येणारा माणूस खेळायचा आणि तिसऱ्या खोलीत अडकायचा. दार समोरच होतं, पण अंधारात कुणाला दिसत नव्हतं. पोरं मागे उभी. तोंडातून शब्द काढायचा नाही, असं त्यांनी आपसांत ठरवलं होतं. कुणी अडकलं की वहीत फक्त एक रेघ ओढत होती. संध्याकाळी त्यांनी आमच्याच मशीनवर बसून दाराशेजारी एक कंदील लावला. पुढच्या दिवशी जवळजवळ सगळेच त्या खोलीतून बाहेर पडले.

आमचा धंदा काय आहे, ते मला त्या कंदिलाने शिकवलं. खेळणाऱ्याने कंट्रोलर, म्हणजे हातातलं बटणांचं यंत्र, खाली ठेवला, तर तो गेममुळे ठेवला असला पाहिजे. मशीन अडखळलं म्हणून ठेवला, तर बनवणाऱ्याच्या वहीत खोटी रेघ पडते.

म्हणून आमची तयारी थोडी कडक असते. कंट्रोलर वायरचेच, कारण गर्दीच्या हॉलमध्ये शेकडो मोबाइल, वायफाय आणि ब्लूटूथ 2.4 गिगाहर्ट्झवर एकमेकांच्या अंगावर येतात. कंट्रोलरवरची पात्र फिरवायची छोटी काठी झिजली की पात्र आपोआप एका बाजूला सरकतं, म्हणून प्रत्येक काठी रोज तपासायची. घरगुती टीव्ही चित्र सुधारत बसतो आणि बटण दाबल्यावर हालचाल उशिरा दिसते, तेव्हा मॉनिटरच द्यायचा. गेम आदल्या रात्री एकदा पूर्ण चालवून घ्यायचा, नाहीतर पहिल्या फेरीत नवीन जागा आली की चित्र अडखळतं. विंडोजचं अपडेट बंद. कुणी मध्येच उठून गेलं, तर दीड मिनिटात गेम आपोआप पहिल्या पडद्यावर यायला हवा. ही सोय गेममध्येच घाला, असं आम्ही नवीन मुलांना आधीच सांगून ठेवतो.

एक धडा महागात पडला. एका हॉलमध्ये थ्री-फेज लाइनचा न्यूट्रल, म्हणजे तिन्ही फेजची सामाईक परतीची तार, ढिला होता. लोड वाढला, एका फेजवर व्होल्टेज चढलं आणि आमचे पाच पॉवर सप्लाय एकदम गेले. ज्याचा गेम त्या मशीनवर होता, तो मुलगा डोकं धरून खाली बसला. ते मला अजून बघवत नाही. तेव्हापासून आमचा वायरमन मल्टिमीटर लावून हो म्हणेपर्यंत एकही प्लग बसत नाही, आणि 16 अँपिअरच्या एका पॉइंटवर पाचपेक्षा जास्त गेमिंग मशीन आम्ही लावत नाही.

2016 साली ती परिषद हैदराबादला गेली, तसा आमचा टेम्पोही जाऊ लागला. साडेपाचशे किलोमीटर, मॉनिटर फोमच्या पेट्यांत आडवे न ठेवता उभे. 2020 मध्ये सगळी प्रदर्शनं थांबली. घरून काम करणाऱ्यांना मशीन देऊन आम्ही तगलो. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्स या कंपनीचा 'राजी' हा गेम निन्टेंडो स्विच या गेम खेळायच्या यंत्रावर आला, मग ऑक्टोबरमध्ये कॉम्प्युटर आणि इतर गेमिंग यंत्रांवर. 2017 साली त्यांनी किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या वेबसाइटवर पैसे उभे करायचा प्रयत्न केला होता, तो पुरा झाला नव्हता. तरी गेम झाला, आणि द गेम अवॉर्ड्स या आंतरराष्ट्रीय पुरस्कारांमध्ये नव्या स्वतंत्र स्टुडिओच्या पदार्पणाच्या गेमसाठी त्याला नामांकन मिळालं. रिकाम्या गोदामात मी आणि भाऊ तो खेळलो. राजस्थानी वाड्यांच्या कमानी बघताना भाऊ म्हणाला, "दादा, हे आपल्या पुण्यात बनलंय." पुढे 2024 मध्ये पुण्याच्याच सुपरगेमिंग कंपनीचा 'इंडस' हा गेम आला.

आज आमच्याकडे बेचाळीस मशीन आहेत. विद्यार्थ्यांच्या पहिल्या गेमसाठी आम्ही अजूनही अर्धंच भाडं घेतो, ही बायकोची अट.

दार उघडायच्या आधीचा तास मात्र आमचा. मी एका टोकाने सुरू करतो, भाऊ दुसऱ्या टोकाने, आणि न आलेले गेम खेळत आम्ही मधल्या टेबलापाशी भेटतो. गेल्या वेळी तिथे एक मुलगी बसली होती, तिचा गेम चालू होईना. मी केबल बदलली, पडदा उजळला, आणि तिने कंट्रोलर माझ्याकडे सरकवला.