रोजमेळातले अक्षर आणि अल कपोन

टिळक रस्त्यावरच्या एका सीएंच्या कार्यालयात मी उमेदवारी करीत होतो, तेव्हा आमच्या बहुतेक अशिलांचे हिशेब लाल कापडी बांधणीच्या वह्यांतच लिहिले जात आणि दिवाळीआधी अप्पा बळवंत चौकातून त्या वह्या आणण्याचे काम माझ्याकडे असे. आमचे साहेब वही उघडली की रकमेआधी अक्षर पाहत. एका कापडव्यापाऱ्याची महिनाभराची कीर्द एकाच बैठकीत उतरवलेली आहे, हे त्यांनी केवळ सातच्या आकड्यावरून ओळखले होते. पहिल्या तारखेला ठसठशीत असलेला सात पंधरा तारखेच्या पुढे थकत थकत शेवटी नुसती रेघ झाला होता. दारूबंदीच्या काळातील शिकागोचा टोळीप्रमुख अल कपोन याला ज्या पद्धतीने पकडले गेले, ती वाचताना मला दर वेळी तो सात आठवतो.

कपोन म्हटले की लोकांना दारूबंदी खात्याचा अधिकारी एलियट नेस आठवतो. नेसच्या पथकाने कपोनच्या बिअरच्या भट्ट्या फोडल्या, त्याचे नुकसान केले आणि वर्तमानपत्रांना मजकूर पुरवला, हे खरेच आहे. पण कपोनला तुरुंगात घातले ते अमेरिकी अर्थखात्याच्या गुप्तवार्ता शाखेतील हिशेबतपासनिसांनी. एल्मर आयरी हे त्या शाखेचे प्रमुख आणि शिकागोतील तपास फ्रँक विल्सन यांच्याकडे. त्यांच्या हाती कायद्याचा आधार आला होता १९२७ मध्ये. सलिव्हन नावाच्या दारूच्या चोरट्या विक्रेत्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की बेकायदा धंद्यातील उत्पन्नही करपात्र आहे आणि स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याच्या हक्काची ढाल पुढे करून विवरणपत्र भरणेच टाळता येणार नाही. (आपल्याकडेही बेकायदा उत्पन्नावर कर लागतोच, गंमत अशी, की १९८० मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने एका चलन-तस्कराची जप्त झालेली रक्कम त्याच्या धंद्यातला तोटा म्हणून वजा करू दिली होती.)

अडचण अशी होती, की कपोनच्या नावाने काहीच नव्हते. बँकेत खाते नाही, विवरणपत्र नाही आणि फ्लोरिडातील पाम बेटावरचे घर पत्नीच्या नावावर. म्हणून विल्सन यांच्या माणसांनी उलट्या टोकाने सुरुवात केली. शिंपी, जवाहिरे, फर्निचरचे दुकानदार, हॉटेलांची बिले, टेलिफोनची बिले, अगदी रेशमी अंतर्वस्त्रांच्या पावत्यासुद्धा त्यांनी गोळा केल्या. खर्च दिसतो आहे, तर तो भागवणारे उत्पन्न कुठे आहे, हा प्रश्न आपल्या १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम ६९सी हाताळलेल्या कोणालाही नवा वाटणार नाही. मायकेल मलोन नावाचा अधिकारी तर खोटे नाव घेऊन कपोनच्या लेक्सिंग्टन हॉटेलातच मुक्कामाला राहिला.

तरीही खर्चावरून काढलेले उत्पन्न हा शेवटी अंदाजच. कपोनच्या जुगाराच्या अड्ड्याचा नफा दाखवणारा कागद हवा होता. विल्सन यांनी नंतर सांगितलेली हकीकत अशी, की रात्री उशिरा कागद ठेवण्यासाठी जागा शोधताना एका जुन्या कपाटात त्यांना तपकिरी कागदात बांधलेले गाठोडे सापडले. मॅकस्विगिन या सरकारी वकिलाच्या खुनानंतर, १९२६ मध्ये, सिसेरो गावातील अड्ड्यावर जी धाड पडली, तिच्यात जप्त झालेल्या या वह्या चार वर्षे धूळ खात पडल्या होत्या. आत रकाने आखलेले: बर्ड केज, क्रॅप्स, फॅरो, रूलेट, घोड्यांच्या पैजा, आणि नफ्याच्या वाटण्या. आपल्याकडच्या कोणत्याही दिवाणजीने नावाजावा असा तो रोजमेळ होता.

पण ते अक्षर कोणाचे? विल्सन यांच्या माणसांनी शिकागोतील बँकांच्या भरणा-पावत्या आणि असलेच इतर कागद त्या वह्यांशेजारी ठेवून ताडून पाहिले आणि लेस्ली शमवे या रोखपालापर्यंत ते पोहोचले. तो मायामीला कुत्र्यांच्या शर्यतीच्या मैदानावर रोखपालीच करीत होता. साक्ष न दिल्यास कपोनची माणसे त्याला गप्प करण्यासाठी येतील आणि दिल्यास सरकार त्याचे रक्षण करील, हे समजावल्यावर तो बोलला. दुसरा रोखपाल फ्रेड रीस सेंट लुईसला सापडला. भरीत भर म्हणजे कपोनच्या वकिलाने तडजोडीच्या आशेने खात्याला पत्र लिहून अशिलाचे काही उत्पन्न स्वतःहूनच मान्य केले होते. आमच्या साहेबांनी असे पत्र लिहिणाऱ्याला दुसऱ्या दिवशी कार्यालयात पाऊल टाकू दिले नसते.

अडीच वर्षांच्या शिक्षेवर मिटवण्याचा सौदा न्यायाधीश विल्करसन यांनी धुडकावला आणि ज्यूरी फोडण्याचे प्रयत्न चालल्याचे कानी येताच ऐन वेळी ज्यूरींची संपूर्ण यादीच बदलून टाकली. १७ ऑक्टोबर १९३१ रोजी कपोन दोषी ठरला. आठवड्याने अकरा वर्षांची कैद आणि पन्नास हजार डॉलर दंड जाहीर झाला. नेसच्या पुराव्यावर उभे केलेले दारूबंदीचे सुमारे पाच हजार आरोप सुनावणीला आलेच नाहीत. ५ डिसेंबर १९३३ रोजी अमेरिकेतील दारूबंदी उठली, तेव्हा कपोन अटलांटाच्या तुरुंगात करबुडवेगिरीची शिक्षा भोगत होता.