बाबांना कालव्यावर सुट्टीला नेलं त्याची गोष्ट

आई-बाबा नाशिकहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे लेस्टरला आले होते आणि दुसऱ्याच आठवड्यात बाबा बोअर झाले. लंडन झालं, मंदिर झालं, मॉल तर त्यांना आवडतच नाहीत. बाबांनी अख्खी नोकरी पाटबंधारे खात्यात काढली, म्हणजे आयुष्य गेलं धरण, पाट, चाऱ्या, आवर्तन (पाटाला ठरल्या वेळी सोडलेलं पाणी) आणि "साहेब टेलला पाणी पोचलं नाही" यात. तेव्हा नवऱ्याच्या डोक्यात आलं की यांना कालव्यावरच नेऊ. इंग्लंडात नॅरोबोट, म्हणजे कालव्यावरच्या लांब अरुंद बोटी, भाड्याने मिळतात, लायसन्स लागत नाही, स्वतः चालवायची, आत झोपायचं, स्वयंपाक करायचा. मी म्हटलं पाटावर सुट्टी? पण मुलं नाचायला लागली आणि मग काय.

आधी बुकिंगचं सांगते कारण तिथेच आम्ही पहिली चूक करणार होतो. चार रात्रींची बोट बघत होतो. पण कालव्यावर हिशोब वेगळा असतो, जितके मैल तितके आणि वर प्रत्येक लॉकचा (बोट वर-खाली नेणारा, दोन्हीकडे दारं असलेला हौद) एक मैल धरायचा, आणि त्या बेरजेला तीनने भागायचं, म्हणजे तास मिळतात. आम्हाला चेशायरमधल्या रेनबरीजवळून वेल्समधल्या लँगॉलेनपर्यंत जायचं होतं, साधारण ३८ मैल आणि १२ लॉक, म्हणजे सतरा तास, तेही फक्त जायचे! वेगमर्यादा ताशी ४ मैल आहे पण तेवढ्यानेही कुणी जात नाही, काठाला बांधलेल्या बोटींजवळून जाताना तर एकदम हळू करावं लागतं नाहीतर आतून कुणीतरी चहाचा कप घेऊन बाहेर येतं आणि ओरडतं. म्हणून सात रात्री घेतल्या. शाळेच्या सुट्टीत भाडं डोळे पांढरे करणारं असतं, ते लिहीत नाही, नवरा वाचेल आणि परत आठवेल.

बोट ६२ फूट लांब आणि रुंदी ६ फूट १० इंच, कारण या कालव्यावरचे लॉकच सातेक फूट रुंद आहेत. सहा जण म्हणजे रेल्वेच्या डब्यातल्या बोळात संसार. जेवायच्या टेबलाचा रात्री पलंग करायचा. आईने आत शिरून पहिलं वाक्य म्हटलं, "संडास कुठाय?" आणि तो बघून दुसरं वाक्य तिने गिळलं. सगळं खालच्या टाकीत जमा होतं आणि टाकी भरली की पंप-आऊटच्या ठिकाणी जाऊन रिकामी करून घ्यायची. नळाचं पाणीपण टाकीतलंच. आईने पहिल्या दिवशी नाशिकच्या सवयीने भांडी वाहत्या नळाखाली घासली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नळ फुस्स. काठावर पाणी भरायचे नळ असतात पण टाकी भरायला तासभर लागतो, त्यामुळे रोज सकाळी नळ दिसला की थांबायचं हा नियम आम्ही उशिरा शिकलो. आणि हो, फोडणी दिली की स्मोक अलार्म बोंबलतो. लेकीला टॉवेल घेऊन अलार्मखाली उभं करायचो तेव्हा कुठे पोहे व्हायचे.

बोट चालवणं सोपं आहे असं सगळे म्हणतात. मागे उभं राहून टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, धरायचा, तो डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे वळते, तीपण लगेच नाही, तुम्ही आशा सोडल्यावर. ब्रेक नाही, रिव्हर्स टाकून थांबायचं. वर आणखी म्हणजे इथे रस्त्यावर डावीकडून आणि पाण्यात समोरून बोट आली की उजवीकडून जायचं. नवऱ्याने पहिल्या तासात दोनदा झाडीत घातली. आठ वर्षांचा मुलगा त्याच्यापेक्षा सरळ चालवत होता, हे मी त्याच्यासमोरच सांगते.

निघाल्या निघाल्या रेनबरीचा उचलायचा पूल येतो, रस्त्याचाच पूल. काठावरच्या पेटीत किल्ली लावून बटण धरून ठेवलं की दोन्हीकडे फाटक पडतं, पूल वर जातो आणि गाड्या थांबतात. लेक बारा वर्षांची, तिने चार मोटारी थांबवल्या आणि पुढचे दोन दिवस त्याच तोऱ्यात होती.

मग लॉक. बोट खालच्या पातळीवरून आत घ्यायची, मागची दारं बंद करायची, मग पुढच्या झडपा विंडलसने हळूहळू उघडायच्या. विंडलस म्हणजे एल आकाराचा लोखंडी हँडल, तो हातात असला की प्रत्येकाला आपण इंजिनियर वाटतो. पाणी भरतं, बोट वर येते. बाबा काठावर उभे राहून बघत होते आणि म्हणाले, "आपल्याकडे एवढा उतार आला की फॉल बांधून मोकळे होतो, पाणी खाली आपटतं आणि पुढे जातं. बोट वर चढवायची हे कुणाच्या डोक्यातही नाही." त्यानंतर विंडलस बाबांच्या हातातून काढायची कुणाची हिंमत झाली नाही.

दुसऱ्या की तिसऱ्या लॉकखाली आम्ही भिंतीवर धडकलो, चांगले दणकून, कपाटातले सगळे डबे खाली. मी नवऱ्यावर चिडले पण बाबा म्हणाले त्याची चूक नाही, तो सांडवा बघ. लॉकच्या बाजूने जास्तीचं पाणी एका चारीतून खाली येतं आणि नेमकं लॉकच्या तोंडाशी आडवं कालव्यात पडतं, ते बोटीचं नाक बाजूला ढकलतं. पुढच्या लॉकपासून बाबा पुढे उभे राहून हाताने खूण करायचे, "थोडं सांडव्याकडे ठेवा जावईबापू", आणि खरंच नाक बरोबर आत जायचं.

ग्रिंडली ब्रुकला सहा लॉक आहेत, त्यातले तीन एकाला एक चिकटलेले, एकाचं वरचं दार तेच पुढच्याचं खालचं. तिथे उन्हाळ्यात लॉककीपर असतो. आम्ही दीड तास रांगेत होतो पण मला तो वेळ आवडला, सगळ्या बोटींवरचे लोक काठावर उतरून एकमेकांची दारं ढकलत होते. बाबांना इंग्रजी बोलायला संकोच वाटतो, पण लॉककीपरशी अर्धा तास काय बोलत होते देव जाणे, दोघं सारखे पाण्याकडेच बोटं दाखवत होते.

त्याच संध्याकाळी बोट बांधल्यावर बाबा काठावर घड्याळ घेऊन बसले. वाळकं पान टाकायचे आणि ठरलेल्या अंतराला किती सेकंद लागतात ते मोजायचे, खात्यात तरंगत्या वस्तूवरून पाण्याचा वेग काढतात तसं. म्हणाले, "हा साठलेला पाट नाही, आवर्तन चालू आहे." आणि बरोबर निघालं. इथले बहुतेक कालवे संथ असतात पण हा डी नदीचं पाणी खाली हर्लस्टनच्या जलाशयात नेतो, लोकांच्या पिण्यासाठी. १९४४ साली कायद्याने याच्यावरची बोटींची वाहतूक बंदच केली होती, पण पाणी न्यायला लागत होता म्हणून बुजवला नाही. म्हणजे आम्ही प्रवाहाविरुद्ध चाललो होतो, इंजिन तेवढंच आणि वेग कमी, आमचे सतरा तास वीसच्या वर का गेले ते कळलं.

मधले दोन दिवस छान पण सांगण्यासारखं कमी. एल्समीरजवळची तळी, म्हशींसारख्या गाई, एकदा बोटीच्या पाण्याखालच्या पंख्यात कुठलंतरी जुनं ब्लँकेट अडकलं आणि नवऱ्याने इंजिन बंद करून मागचं झाकण उघडून गार पाण्यात हात घालून ते चाकूने कापून काढलं, अर्धा दिवस गेला. चर्कला १८०१ चा जलसेतू, म्हणजे दरीवरून कालवा नेणारा पूल, २१ मीटर उंच, त्याच्या मध्यात इंग्लंड संपून वेल्स सुरू होतं आणि लगेच ४२१ मीटरचा बोगदा, एका वेळी एकच बोट. मुलांनी आत बेंबीच्या देठापासून ओरडून घेतलं.

आणि मग पॉन्टकसल्टेचा जलसेतू. थॉमस टेलफर्ड आणि विल्यम जेसप या इंजिनियरांनी बांधलेला, १८०५ मध्ये पूर्ण झाला, २००९ पासून जागतिक वारसा. अठरा दगडी खांबांवर लोखंडी पन्हळ ठेवलीय, ३०७ मीटर लांब, खाली ३८ मीटरवर डी नदी. एका बाजूला पायवाट आणि कठडा आहे, दुसऱ्या बाजूला काहीच नाही, पन्हळीची कड पाण्याच्या वर वीतभरसुद्धा येत नाही. बोटीतून बघितलं की थेट दरी. आई आत जाऊन पडदे लावून रामरक्षा म्हणत बसली, मी टिलर घट्ट धरून फक्त समोर बघत होते. बाबा मात्र पायवाटेवरून बोटीच्या बरोबरीने वाकून वाकून चालत होते, सांध्यातून गळतंय का ते बघत. दोनशे वर्षांचं काम आणि आमच्याकडे पाटाच्या अस्तरीकरणाला पाच वर्षांत भेगा, हे त्यांनी तिथे आणि नंतर जेवताना दोनदा म्हटलं.

ट्रेव्हर गावानंतर कालवा इतका अरुंद होतो की काही ठिकाणी दोन बोटी मावत नाहीत, एकाने फोन घेऊन पुढे चालत जायचं आणि रस्ता मोकळा असेल तर कळवायचं. लेक गेली. ती पुढच्या वळणावर कुत्र्याशी खेळत बसली आणि समोरून बोट आली, मग आम्हीच मागे. ६२ फुटी बोट प्रवाहात रिव्हर्स घेताना पाहुण्यांसमोर बोलू नये ते सगळं बोलून झालं.

लँगॉलेनच्या पुढे इंजिनच्या बोटी जाऊ देत नाहीत, घोड्याने ओढायच्या जातात. आम्ही दोनेक मैल चालत हॉर्सशू फॉल्सला गेलो. नाव फॉल्स पण आहे बंधारा, टेलफर्डचाच, नालेच्या आकारात वळलेला, १४० मीटर लांब, जेमतेम कमरेएवढा. त्याच्या शेजारून नदीचं पाणी गपचूप कालव्यात वळतं आणि पाणी मोजायची छोटी खोली आहे. मुलांना पाच मिनिटांत आइस्क्रीम हवं होतं. बाबा त्या खोलीच्या बंद दारासमोरून हलेचनात. आई म्हणाली, "तीस वर्षं रात्री-अपरात्री उठून पाटावर जायचे, मी म्हणायचे रिटायर झाल्यावर सुटेल."

येताना प्रवाह आपल्या बाजूने, त्यामुळे लवकर आलो. फक्त लॉक उतरताना एक लक्षात ठेवा, वरच्या दाराच्या आत पाण्याखाली दगडी उंबरठा असतो, बोटीचा मागचा भाग त्यावर राहिला आणि पाणी खाली गेलं तर बोट नाकावर उभी राहते आणि बुडते. भिंतीवर पांढरी खूण असते, तिच्या पुढेच राहायचं. तिथे आमच्याकडून काही चुकलं नाही.

बोट परत देताना दिलेलं सामान मोजतात. विंडलस तीन दिले होते, दोन निघाले. एक ग्रिंडली ब्रुकच्या मधल्या लॉकच्या तळाशी आहे, मी स्वतः डुबुक असा आवाज ऐकला आणि तेव्हा तिथे एकटे बाबाच उभे होते, पण त्यांनी अजून कबूल केलेलं नाही.