शेवटचा डबा बाहेर पडेपर्यंत

रेल्वेचे सिम्युलेशन लिहिताना सुरुवातीला मी वेगमर्यादा रुळाकडेच्या पाटीसारखी नोंदवत असे: अमुक किलोमीटरला 20, तमुक किलोमीटरला पुन्हा 110, आणि इंजिन तिथून पुढे गेले की नवा आकडा लागू. ही मांडणी सोपी असली तरी वेळेचा हिशोब तीत चुकतो, आणि वेळापत्रक तपासण्यासाठीच सिम्युलेशन करायचे असेल तर ही चूक चालवून घेता येत नाही.

समजा, पुलाच्या दुरुस्तीसाठी 100 मीटर लांबीवर ताशी 20 किलोमीटरची तात्पुरती मर्यादा घातली आहे. इंजिन आणि 24 डबे मिळून गाडीची लांबी सुमारे 600 मीटर भरते. इंजिन पुलावर आल्यापासून शेवटचा डबा पलीकडे जाईपर्यंत गाडीला 700 मीटर त्याच वेगाने जावे लागते, म्हणजे 126 सेकंद. केवळ इंजिनाची जागा पाहणारा प्रोग्रॅम मात्र तिला 18 सेकंदांतच वेग वाढवू देतो. भारतीय रेल्वेच्या पाट्यांत याची सोय आहे. निर्बंध संपल्याची पाटी प्रवासी गाड्यांसाठी 'टी/पी' आणि मालगाड्यांसाठी 'टी/जी' अशी वेगळी असते, कारण ती गाडीची लांबी धरून पुढे लावलेली असते. म्हणून डेटामध्ये आरंभ आणि शेवट असलेला पट्टाच ठेवावा आणि तो गाडीच्या पूर्ण लांबीला लावून पाहावा, असे माझे ठाम मत आहे.

प्रत्येक पट्ट्याबरोबर त्याचे कारणही नोंदवायला हवे. 875 मीटर त्रिज्येच्या वळणावर बाहेरचा रूळ 165 मिलिमीटर उंच असेल आणि 75 मिलिमीटरची उणीव (म्हणजे त्या वेगाला पूर्ण तोल साधायला ही उंची जेवढी कमी पडते ते माप) ग्राह्य धरली, तर सूत्रानुसार ताशी सुमारे 123 किलोमीटर हा वेग निघतो. ही मर्यादा वळणाची झाली. आयसीएफ या जुन्या प्रकारच्या डब्यांची 110 ची मर्यादा गाडीची आहे, तर लूप लाइनकडे, म्हणजे स्थानकातल्या बाजूच्या रुळाकडे, वळणाऱ्या सांध्यावरची 30 ची मर्यादा मार्ग तिकडे लावलेला असेल तेव्हाच लागते. कोकण रेल्वेवर मुसळधार पावसात 40 चे बंधन येते, म्हणजे तिथे हवामानही हिशोबात घ्यावे लागते. या सर्वांतली सर्वात कमी मर्यादा त्या त्या क्षणी काढावी. नुसता तो अंतिम आकडा साठवला, तर आयसीएफऐवजी अधिक वेग सोसणारे नव्या प्रकारचे एलएचबी डबे जोडल्यावर वेग नेमका कुठे वाढवता येईल हे कळायला मार्गच उरत नाही.

भोर घाटाने मला सर्वाधिक शिकवले. कर्जत ते लोणावळा हा 37 मीटरला 1 मीटर असा चढ आहे. वर जाताना मागून लावलेल्या बँकर इंजिनांची ताकद वेग ठरवते आणि खाली येताना ब्रेकची ताकद ठरवते, त्यामुळे एकाच रुळाला दोन दिशांना दोन मर्यादा द्याव्या लागतात. शिवाय पट्टा सुरू होण्याआधीच वेग उतरलेला असला पाहिजे, म्हणून ब्रेक कुठे लावायचा हे पट्ट्याच्या आरंभापासून मागे मोजत यावे लागते. सपाटीवर दर सेकंदाला सेकंदामागे 0.5 मीटरने वेग कमी करणाऱ्या गाडीला या उतारावर गुरुत्वाकर्षण 0.265 ने पुढे ओढते, हाती 0.235 उरतात, आणि ब्रेकचे अंतर दुपटीहून अधिक होते. हे मागे मोजणे मी आता चढ-उताराच्या प्रत्येक तुकड्यासाठी स्वतंत्रपणे करतो.