ई-माउंटन बाइकचे टायर आणि एका पीएसआयचा फरक

नवी ई-माउंटन बाइक, म्हणजे मोटरची मदत असलेली डोंगरवाटांची सायकल, घेऊन तिसऱ्यांदाच ट्रेलवर गेले होते. उतारावर मागचं चाक एका धारदार दगडावर आदळलं, रिमचा 'टण्' असा आवाज आला आणि पोटरीवर पांढरे थेंब उडाले. माझे टायर ट्यूबलेस, म्हणजे आत ट्यूब नसलेले; त्यातलं भोकं बुजवणारं सीलंट होतं ते. उतरून पाहिलं तर रिमच्या कडेपासून बोटभर वर, टायरच्या बाजूला नखाएवढी चीर पडलेली. सीलंट बुडबुडे काढत होतं, पण चीर काही बुजेना. चिरेत रबरी प्लग घातला, हवा भरली, शंभर मीटरवर प्लग बाहेर आला. पुन्हा घातला, पुन्हा तेच. बाइक २४ किलोची. ढकलायला मदत करणारा वॉक मोड लावला, तर सपाट झालेला टायर रिमवरून निसटायला लागला. शेवटी मागचं चाक अर्धवट उचलून धरत चार किलोमीटर चालले.

माझ्या दादाला साध्या माउंटन बाइकची बरीच वर्षांची सवय. त्याने टायर दाबून पाहिला आणि म्हणाला, "हवा कमी ठेवतेस गं तू. पस्तीस भर, बघ पुन्हा पंक्चर होतं का." ट्यूब घालून ३५ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) भरले. पंक्चर खरंच झालं नाही. पण पुढचे तीन आठवडे बाइक चालवताना मजाच गेली. उतारावर प्रत्येक खडा मनगटात जाणवायचा. चढावर तर त्याहून वाईट. झाडांच्या ओल्या मुळांवर पॅडल मारलं की मागचं चाक जागेवरच गरकन फिरायचं. माझ्या मोटरचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ८५ न्यूटन-मीटर आहे. पायांच्या जोराला एवढी जोड मिळते आणि ती सगळी त्या एका मागच्या टायरमधून जमिनीला लागते. टायर कडक असेल तर ती ताकद जमिनीला पोचायच्या आधीच निसटते. दादाच्या १४ किलोच्या बाइकवर हे त्याला कधी जाणवलंच नव्हतं, त्यामुळे त्याचा सल्ला चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. तो त्याच्या बाइकचा सल्ला होता.

तेव्हा ठरवलं, अंदाजपंचे काही करायचं नाही. आधी वजन मोजू.

घरातला वजनकाटा मागच्या चाकाखाली ठेवला, पुढच्या चाकाखाली तेवढ्याच जाडीची फळी. दादाने हँडल धरलं, मी हेल्मेट आणि पाठीवरच्या बॅगेसकट सीटवर बसले. मी ६२ किलो, बाइक २४, बॅग आणि पाणी ४, म्हणजे एकूण ९०. त्यातले ५५ किलो मागच्या चाकावर! चढाला लागलं की हा आकडा आणखी वाढणार. मग एक साधा हिशेब केला. टायर जमिनीला किती टेकतो हे ढोबळमानाने भार भागिले दाब एवढंच असतं. ३५ पीएसआयला माझा मागचा टायर जेमतेम २२ चौरस सेंटिमीटर टेकत होता, म्हणजे सव्वा आगपेटी. २३ पीएसआयला तोच ३४ चौरस सेंटिमीटर, जवळजवळ दोन आगपेट्या. टायरच्या भिंतीही थोडा भार पेलतात, म्हणून प्रत्यक्षातला आकडा याहून लहान असतो, पण प्रमाण साधारण तेच राहतं. ८५ न्यूटन-मीटर सव्वा आगपेटीवर टिकेल कसा?

म्हणजे हवा कमीच हवी. पण कमी हवेला सोबत आलेला टायर फाटला होता. इथे मला पहिल्यांदा कळलं की मी चुकीच्या गोष्टीकडे बघत होते. टायर घेताना आपण सगळे आधी नक्षी बघतो. बटणं किती मोठी, किती अंतरावर, चिखलाला चालतील का. नक्षी महत्त्वाची आहेच, पण जड बाइकसाठी पहिला प्रश्न केसिंगचा. रबराखाली धाग्यांचं जे कापड असतं ते केसिंग. ते एकपदरी आहे की दुपदरी, बाजूला जादा पट्टी आहे का, यावर टायर किती कमी हवेत उभा राहील हे ठरतं. बाइकसोबत आलेला माझा टायर एकपदरी, हलका. दुकानात उभी बाइक उचलून पाहिली की हलकी वाटावी म्हणून असे टायर लावतात असं मला वाटतं, आणि याचा मला मनापासून राग आहे. २४ किलोच्या बाइकवर दोन-तीनशे ग्रॅम वाचवून चालवणाऱ्याचं काय भलं होणार?

केसिंगची प्रत्येक कंपनीची नावं वेगळी, त्यामुळे सुरुवातीला डोकं गरगरतं. मॅक्सिसमध्ये साधारण हलक्याकडून जडाकडे असा क्रम: एक्सो, एक्सो प्लस, डबलडाउन, डीएच. यातले शेवटचे दोन दुपदरी. श्वाल्बेमध्ये सुपर ट्रेल, मग सुपर ग्रॅव्हिटी, मग सुपर डाउनहिल. कॉन्टिनेंटलने सरळ ट्रेल, एंड्युरो, डाउनहिल अशी नावं दिली आहेत, ती मला सर्वांत प्रामाणिक वाटली. टायरवर 'टीपीआय' हा आकडा असतो, तो एका इंचात किती धागे आहेत ते सांगतो. जास्त टीपीआय म्हणजे जास्त मजबूत, असा माझा समज होता. तो उलटा निघाला. १२० टीपीआयचे धागे बारीक असतात, त्यामुळे टायर लवचीक होतो. ६० टीपीआयचे धागे जाड असतात. मजबुती पदरांवरून आणि बाजूच्या पट्टीवरून बघायची.

आणखी एक. काही टायरांवर ई-बाइकसाठी असल्याचा शिक्का असतो. युरोपात ताशी ४५ किलोमीटरपर्यंत मदत करणाऱ्या वेगवान ई-बाइकना ईसीई-आर७५ या मानकाचे टायर लागतात, तिथे त्या शिक्क्याला अर्थ आहे. ताशी २५ किलोमीटरला मदत बंद होणाऱ्या ट्रेलवरच्या बाइकसाठी मी शिक्क्यापेक्षा केसिंग बघेन.

खूप विचार करून मागे डबलडाउन आणि पुढे एक्सो प्लस घेतला. दोन्हीकडे सारखाच जड टायर घ्यायची गरज वाटली नाही. पुढचं चाक आपण दगडावरून हलकं करून नेतो. मागचं बिचारं जे येईल ते झेलतं. मागच्या टायरचं वजन पूर्वीपेक्षा साधारण पाव किलोने वाढलं. चढाला ते मला कधीच जाणवलं नाही, मोटरने ते गिळून टाकलं.

रबराचं मात्र उलट केलं: पुढे मऊ, मागे त्याहून टणक. पुढचं चाक घसरलं तर सावरायला वेळच मिळत नाही, म्हणून पकड तिथे हवी. मागचं घसरलं तर बहुतेक वेळा सावरता येतं, शिवाय मोटर मागचं रबर खवणीसारखं खाते. मॅक्सिसमध्ये मॅक्सग्रिप मऊ, मॅक्सटेरा मधला. श्वाल्बेच्या अॅडिक्स रबरात रंगीत पट्टे बघायचे: जांभळा सर्वांत मऊ, मग केशरी, मग निळा.

रुंदीवर फार वेळ घालवला नाही. माझ्या रिमची आतली रुंदी ३० मिलिमीटर, त्यावर २.४ ते २.६ इंच छान बसतात. २.८ एका मित्राच्या बाइकवर चालवून पाहिले, वळणात टायर लोण्यासारखा हलत होता. फक्त एक तपासा: अनेक ई-बाइकना पुढे २९ आणि मागे २७.५ इंचाचं चाक असतं, माझ्याही तसंच आहे. टायरच्या बाजूला पुढच्यावर ६२२ आणि मागच्यावर ५८४ हा आकडा असायला हवा. झिजलेला पुढचा टायर मागे ढकलण्याची जुनी काटकसर अशा बाइकवर चालत नाही.

टायर चढवताना दुपदरी केसिंगने घाम काढला. शेवटची वीतभर कड रिमवर जाईना. युक्ती अशी की व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने सुरुवात करायची, व्हॉल्व्हपाशी संपवायची आणि मधेमधे टायरची कड दोन्ही हातांनी रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकलत राहायची. तिथे परीघ कमी असतो, त्यामुळे सैलपणा मिळतो. कडांना साबणाचं पाणी लावलं, व्हॉल्व्हची आतली सुई काढून जोरात हवा मारली आणि 'फट् फट्' करत टायर जागेवर बसला. टायरवर रिमच्या कडेला लागून एक बारीक रेघ असते, ती चाकभर सारख्या अंतरावर दिसली की नीट बसला समजायचं. मग व्हॉल्व्हमधूनच १२० मिलिलिटर सीलंट. रबराच्या चिकासारखं हे द्रव काही महिन्यांत सुकतं. मी दर तीन महिन्यांनी चाक कानाशी हलवून आत डुचमळतंय का ते ऐकते.

यानंतर दाब. इथे मला दुसरा धडा मिळाला. माझ्या उभ्या पंपावरचा काटा २५ दाखवत होता, दादाचा पंप त्याच टायरला २९. या पंपांचे गेज १६० पीएसआयपर्यंतचे. २० ते ३० मधला सगळा भाग अगदी चिंचोळ्या जागेत. अशा गेजवर एका पीएसआयचा फरक कळणारच नाही. कमी दाबासाठीचा वेगळा डिजिटल गेज घेतला. तो शंभर टक्के बरोबर आहे का, हे माझ्यासाठी दुय्यम आहे. तो रोज सारखंच सांगतो, तेवढं मला पुरतं. म्हणून दुसऱ्याचे आकडे जसेच्या तसे उचलू नका, त्याचा गेज तुमच्याकडे नाही.

चाचणीसाठी दोन किलोमीटरचा एकच फेरा ठरवला. त्यात मुळांचा एक चढ, मोकळ्या मातीचं एक वळण आणि दगडांचा एक उतार. पुढे २५, मागे २८ पासून सुरुवात. प्रत्येक फेऱ्यानंतर हवा कमी करायची आणि वहीत एक ओळ लिहायची. २८ ला मुळांवर चाक फिरलं. २६ ला थोडं कमी. २४ ला चढ सरळ पार, चाक मुळांना अक्षरशः कवटाळून वर गेलं. २२ ला उतारावर रिम एकदा हलकेच दगडाला टेकली. २० ला दोनदा टेकली, आणि वळणात बाइक एका बाजूला लवंडल्यासारखी वाटली, मग उशिराने सावरली. तो टायरच्या भिंतीचा दुमडण्याचा क्षण. एकदा अनुभवला की विसरत नाही. मागे २३ पक्के झाले. पुढच्या टायरला १८ वर हँडल उशिरा ऐकायला लागलं, २० वर एकदम बरोबर.

हे आकडे माझे, बाइक-बॅगेसकट ९० किलोचे आणि ट्यूबलेसचे. ट्यूब असती तर दोन-तीन पीएसआय जास्तच ठेवावे लागले असते. रिम टेकल्यावर ट्यूब दोन्ही बाजूंनी चिमटली जाते आणि सापाच्या दंशासारखी दोन भोकं पडतात. दादा एकटाच ९० किलोचा. तो हीच बाइक घेतो तेव्हा त्याला पुढे २४ आणि मागे २८ लागतात. हे शोधायला त्याच्यासोबत पुन्हा एक सकाळ घालवली. "पस्तीस भर म्हणालो होतो, विसर ते," असं तो स्वतःहून म्हणाला.

हवामान मधेच खोडा घालतं. तापमान १० अंशांनी बदललं की या दाबाला साधारण सव्वा पीएसआयचा फरक पडतो. पहाटेच्या गारठ्यात भरलेले २३ दुपारी उन्हात उभ्या बाइकमध्ये २५ होतात. उंचीचंही तसंच: हजार मीटर वर गेलं की बाहेरच्या हवेचा दाब कमी होतो आणि गेजवर दीडेक पीएसआय जास्त दिसतात. मी आता ट्रेलच्या तोंडाशी, सावलीत दहा मिनिटं थांबून मोजते. ट्रेलपर्यंत लांब डांबरी रस्ता असेल तर दोन्हीकडे पाच-सहा जास्त भरून निघते आणि तिथे पोचल्यावर सोडते. मऊ टायर डांबरावर बॅटरी खातो, हे बॅटरीच्या आकड्यावर स्पष्ट दिसतं. खडबडीत वाटेवर मात्र कमी हवेने अंतर घटल्याचं मला दिसलं नाही, कारण तिथे कडक टायर उड्या मारण्यातच ताकद घालवतो.

टायरच्या आत बसवायच्या फोमच्या इन्सर्टचा विचार केला होता. त्याने रिम वाचते आणि आणखी एक-दोन पीएसआय कमी करता येतात. पण जंगलात तो टायर उघडायची वेळ आली तर माझ्या हातांना जमेल असं वाटलं नाही, म्हणून राहू दिलं.

आठ महिने झाले. मागच्या टायरची मधली बटणं निम्मी झिजली आहेत आणि दोन बटणांच्या मुळाशी बारीक चिरा दिसतात. मोटरच्या ओढीने बटणं अशीच मुळापासून सुटायला लागतात. पुढच्या टायरवर मात्र साच्यातले रबराचे केससुद्धा अजून काही ठिकाणी शिल्लक आहेत. पंपाच्या दांड्यावर मी एक चिकटपट्टी लावली आहे. वर माझं नाव, २० आणि २३. खाली दादाचं, २४ आणि २८. रविवारी तो बाइक घेऊन गेला होता. काल सकाळी गेज लावला तर मागे २८ च होते. पाच सोडले, पुन्हा मोजलं आणि मुळांच्या चढाकडे निघाले.