“त्यांना बाजारगावले उतरवा”

मी एसटीत वाहक. नागपूरच्या गणेशपेठ स्टँडहून अमरावतीची फेरी करायचे. २०२० च्या २० ऑगस्टला जिल्ह्याबाहेरच्या गाड्या सुरू झाल्या तेव्हा ४४ सीटच्या गाडीत २२ च प्रवासी घ्यायचे होते. १८ सप्टेंबरपासून सगळ्या सीट भरायची परवानगी आली, आणि नागपुरात कोरोनाचे पेशंट तर त्याच महिन्यात भराभर वाढत होते. ही गोष्ट त्याच आठवड्यातली.

लोक नोट दोन बोटांच्या चिमटीत धरून द्यायचे. तिकिटावर सॅनिटायझर मारायचे, मशीनचा तो कागद काळा पडायचा.

वाडी सोडली आणि पाऊस आला. पटापट खिडक्या लागल्या. गाडी गच्च भरलेली, आत वारा नाही. कुणालाच त्याचं काही वाटलं नाही. तेवढ्यात मागच्या सीटवरचे एक काका खोकले.

“ताई, त्यांना बाजारगावले उतरवा. लेकरंबाळं हायेत गाडीत!”

बोलणाऱ्याचा मास्क हनुवटीवर होता. काकांनी मास्कवरून दुपट्टाही गुंडाळलेला. थरथरत्या हातानं त्यांनी खिशातून दम्याचा पंप काढून दाखवला. “दमाच हाय, बाई. बायको मेडिकलमध्ये भरती हाय, कपडे आनाले घरी चाललो.” पण आजूबाजूचे उठून पुढे सरकले आणि दांडीला धरून एकमेकांना खेटून उभे राहिले. मधल्या सीटवर साक्षगंधाला निघालेलं कुटुंब होतं, एकाच कागदातला चिवडा पाच जण खात होते. मी मास्क लावायला सांगितलं तर म्हणाले, “आमी घरचेच हाओ सगळे.”

त्यांची भीती खोटी नव्हती. माझ्याही घरी सासूबाईंना मधुमेह, रोज पोटात गोळा यायचा. पण भर पावसात दमेकरी माणसाला रस्त्यावर उतरवणं मला जमणार नव्हतं. काकांना माझ्या सीटवर बसवलं, खिडकी सताड उघडली आणि बाकीच्यांनाही उघडायला लावल्या.

“पानी आत येते ना, बाप्पा!”

“वाळते ते, मावशी. उघडी राहू द्या.”

काका तिवस्याला उतरले. हात जोडले, बोलले काहीच नाही.

रात्री घरी आले. बाहेरच्या नळावर आंघोळ केली, गणवेश गरम पाण्यात टाकला, मगच आत पाय ठेवला. नणंद वर्ध्याहून आली होती. मी मास्क न लावताच तिच्या शेजारी जेवायला बसले. ती कशानं आली, वाटेत कुणाजवळ बसली, काहीच विचारलं नाही. सासूबाई आम्हा दोघींना वाढत होत्या.